गायरानाची लेंडी गायरानातच पडू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जत तालुक्यातल्या आमच्या गावात गेल्या ग्रामसभेत गायरानाचा विषय निघाला. गवत वर्षागणिक विरळ होत चाललंय, दिवाळीच्या आतच रान उघडं पडतं, मग कडबा विकत आणावा लागतो, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. पुढे दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं असं, की पंचायतीच्या पैशातून युरिया आणि १०:२६:२६ (टक्क्यांत नत्र, स्फुरद आणि पालाश, म्हणजे नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅश) च्या गोण्या आणायच्या, मृगाचा पहिला पाऊस झाला की ट्रॅक्टरवरून फेकायच्या आणि पंधरा दिवसांनी जनावरं सोडायची. दुसरी बाजू म्हणाली, गायरानात रसायनाचा कणसुद्धा नको, शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं जीवामृत फवारू. मी पंचायतीची सदस्य आहे. मला दोन्ही गोष्टी पटल्या नाहीत आणि तसं मी उठून बोलले. पण गोंधळात कारणं सांगायची राहिली. पुढची ग्रामसभा मृगाच्या आत आहे. आमच्याकडे पारावर पेपर मोठ्याने वाचतात, म्हणून ती कारणं तुमच्यामार्फत मांडते. गावाचं नाव लिहीत नाही. माण, आटपाडी, कवठेमहांकाळ, कुठलंही गाव घेतलं तरी गायरानाची दशा हीच आहे.

माझं माहेर मेंढपाळांचं. सासरी दोन खिल्लार गाई, एक म्हैस, शेळ्या आणि माडग्याळ जातीच्या मेंढ्या आहेत. विहिरीजवळच्या तुकड्यात संकरित नेपियर गवत आहे आणि त्याला मी दर कापणीनंतर युरिया देते. म्हणजे रासायनिक खताशी माझं वैर नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पण नेपियरला देते म्हणून गायरानाला द्यावं असं होत नाही. नेपियर आपण विळ्याने कापतो, भारे बांधून गोठ्यात आणतो. त्या भाऱ्यातून जे अन्न रानातून उचललं ते परत दिलं नाही तर दोन-तीन वर्षांत ठोंब बारीक पडतात. गायरानातलं गवत जनावर जागेवर उभं राहून खातं. त्याने खाल्लेल्या नत्रातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग शेणा-मुतातून बाहेर पडतो. स्फुरद जवळजवळ सगळं शेणातून जातं, पालाश बहुतेक मुतातून. दुधात, मांसात, लोकरीत उतरतं ते थोडंच. मग गायरान भुकेलं राहतं कसं? कारण जनावर दिवसा गायरानात चरतं आणि रात्री दुसरीकडे बसतं. रात्रीचं शेण, मूत, लेंड्या सगळं गोठ्यात नाहीतर मेंढ्यांच्या वाड्यावर पडतं. गोठ्यातलं शेण उकिरड्यात जातं, तिथून मालकाच्या रानात. काही शेणाच्या गोवऱ्या होतात. आणि लेंडी कुठे जाते ते आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. ती ट्रॉल्या भरभरून द्राक्षबागांकडे जाते, तासगावकडे, मिरजेच्या बाजूला. माझ्या भावांची मेंढरं सुगी संपली की कृष्णाकाठी उतरतात, उसाच्या आणि गव्हाच्या मोकळ्या रानात बसतात. बागायतदार रात्री रानात मेंढ्या बसवण्याचे पैसे देतो, कधी धान्य देतो. मेंढपाळाचं त्यावर पोट आहे, त्यात गैर काही नाही. बागायतदारालाही दोष देत नाही, लेंडीची किंमत त्याला कळली म्हणून तो पैसे मोजतो. पण हिशेब पाहा. जत-आटपाडीच्या माळावर जे गवत उगवलं त्याचा कस लेंडीतून निघाला आणि जिथे आधीच पाणी आहे, खत आहे, कारखाना आहे तिथे जाऊन पडला. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललंय. आपलं गायरान दुसऱ्याच्या रानाला खत पुरवतंय आणि त्याचं कुणी नावही घेत नाही.

गायरानाचं दुखणं हे असताना त्यावर युरिया फेकणं म्हणजे काय, ते आकड्यांत सांगते. पावसावरच्या कुरणाला हेक्टरी ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद द्यावं अशी शिफारस सहसा केली जाते. एकरी काढलं तर १६ किलो नत्र आणि ८ किलो स्फुरद. युरियात ४६ टक्के नत्र असतं, तेव्हा १६ किलोसाठी साधारण ३५ किलो युरिया लागतो. आजची गोणी ४५ किलोची आहे. म्हणजे एका एकराला एक गोणीसुद्धा लागत नाही, आणि तीही सबंध हंगामात दोन वेळा विभागून. ग्रामसभेत मात्र "एकरी दोन पोती टाका, दणकून येईल" असं एक जण बोलला आणि लोकांनी माना डोलावल्या. गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणून हात सैल सुटतो. ही किंमत सरकारच्या अनुदानामुळे आहे, खताचं खरं मोल त्याहून कितीतरी जास्त आहे.

दुसरं, युरिया पडतो कुठे यावर सगळं आहे. पिकात आपण तो मातीआड करतो, पाणी देतो. गायरानात तो उघड्यावर पडणार. आमच्या जमिनी मुरमाड, चुनखडीच्या. अशा जमिनीवर जरा ओल मिळाली, मग ती दवाची असो की चार थेंबांची, की युरिया फुटतो आणि त्याचा अमोनिया हवेत उडून जातो. जनावराच्या मुताचा नाकाला झोंबणारा वास येतो तो याच अमोनियाचा. जतला सगळ्या वर्षात पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की पंधरा-वीस दिवस आभाळ कोरडं राहणं आम्हाला नवं नाही. पहिल्या पावसावर फेकलेल्या युरियातला मोठा हिस्सा वाऱ्यावर जाणार. त्या वेळी गवत उगवलेलंही नसतं. मुळं फुटलेली नाहीत, खाणार कोण? जो उरेल तो आधी उगवणाऱ्या टाकळ्याला आणि काँग्रेस गवताला मिळेल.

आणि पंधरा दिवसांनी जनावरं सोडायची, हे ऐकून तर माझ्या छातीत धस्स झालं. युरिया मिळालेलं गवत जोमात असताना पावसाने ताण दिला तर वाढ थांबते, पण मुळं नायट्रेट ओढत राहतात. ते देठाच्या खालच्या भागात साठतं. असं गवत उपाशी जनावराने भराभर खाल्लं की पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, रक्त प्राणवायू धरू शकत नाही, रक्ताचा रंग चॉकलेटसारखा तपकिरी होतो. जनावर धापा टाकतं, थरथरतं, पडतं. कोवळ्या किंवा पावसाच्या ताणाने कोमेजलेल्या ज्वारीने विषबाधा होते तिला सगळे घाबरतात, कडवळाच्या, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीच्या बाबतीत लहान पोरालाही माहीत असतं. ते विष वेगळं आणि हे वेगळं, पण जीव दोन्हीत जातो. डॉक्टर वेळेत आला तर शिरेतून औषध देऊन जनावर वाचतं. आमच्याकडे डॉक्टर वेळेत पोचणं कठीण. शिवाय ट्रॅक्टरवरून फेकताना वळणावर ढीग पडतात, गोण्या बांधावर राहतात. म्हैस खारट चवीला लगेच तोंड घालते. युरिया चाटून जनावर गेल्याची गोष्ट प्रत्येक गावात एखादी तरी ऐकायला मिळते.

१०:२६:२६ चं तर मला कारणच कळलं नाही. आपल्या दख्खनच्या मातीत पालाश बहुधा पुरेसं असतं. कमी पडतं ते नत्र आणि स्फुरद, आणि सगळ्यात कमी सेंद्रिय कर्ब. मग २६ टक्के पालाशचे पैसे कशाला घालायचे? त्यापेक्षा सिंगल सुपर फॉस्फेट घ्यावं. त्यात १६ टक्के स्फुरद आहे, शिवाय गंधक आणि कॅल्शियम. एकरी ८ किलो स्फुरद म्हणजे सुपर फॉस्फेट बरोबर ५० किलो. आणि हे उडून जात नाही, जमिनीत टिकतं. त्याचा खरा फायदा गवतापेक्षा गवतातल्या शेंगवर्गीय झाडांना होतो. स्टायलो, दशरथ घास, रानातली आपोआप येणारी बारीक पानांची शेंगवर्गीय झुडपं, यांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या हवेतलं नत्र फुकटात जमिनीत आणतात. स्फुरद मिळालं की गाठी भरतात. उलट युरिया जास्त झाला की गाठी काम सोडून देतात, आणि उंच वाढलेल्या गवताच्या सावलीत ही झुडपं मरतात. म्हणजे दोन पोती युरियाने आपण विकतचं नत्र टाकून फुकटचं नत्र घालवणार.

माझी पुतणी कृषी पदवीला आहे. तिने मला इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड इथल्या एका कुरणाची माहिती सांगितली. १८५६ सालापासून तिथे एकाच कुरणाचे वाफे पाडून प्रत्येकाला ठरलेलं खत देत आले आहेत, आजही देतात. ज्या वाफ्याला काहीच दिलं नाही तिथे तीसहून जास्त जातीच्या वनस्पती टिकून आहेत. ज्यांना चुना न देता अमोनियाचं खत भरपूर दिलं तिथे माती आंबट झाली आणि दोन-तीनच जाती उरल्या. तिकडचा पाऊस वेगळा, माती वेगळी. आपली माती चुन्याची असल्याने ती तशी लगेच आंबट होणार नाही, हेही तिनेच सांगितलं. पण एक गोष्ट इकडेही लागू आहे. भरपूर नत्र दिलं की एक-दोन जाती माजतात आणि बाकीच्या दबतात. आमच्या गायरानात अजून पवना आहे, मारवेल आहे, शेडा आहे, उथळ जागी कुसळी आहे. मेंढी यातलं एक आषाढात खाते, एक आश्विनात. कुसळी कोवळेपणी चालते, पिकली की कुसं लोकरीत आणि तोंडात रुततात. एकाच जातीचं रान झालं तर एकाच महिन्यात सगळं पिकेल आणि उरलेले महिने जनावर उपाशी.

आता जीवामृतवाल्या मंडळींशी बोलते. ती माझीच माणसं आहेत, त्यांचा हेतू चांगला आहे. दोनशे लिटर जीवामृत एका एकराला. त्यात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन. शेणात अर्धा टक्का नत्र धरलं तर ५० ग्रॅम. गोमूत्रातलं शंभरेक ग्रॅम धरा. बेसनातलं सत्तर. सगळं मिळून अर्धा किलोही नत्र भरत नाही, आणि गवताला हवं १६ किलो. जिथे मातीत भरपूर पालापाचोळा आहे, कुजायला काही आहे, तिथे जीवाणूंना त्याचा उपयोग होत असेल. आमच्या गायरानात मुरूम उघडा पडलाय. तिथे जीवाणूंनी कुजवायचं काय? शिवाय गूळ-बेसनाचे पैसे लागतातच. तेवढ्या पैशात लेंडी येईल.

शेणखत मात्र खरं खत आहे, फक्त त्याचाही हिशेब नीट करावा. टनभर शेणखतात पाचेक किलो नत्र असतं आणि पहिल्या वर्षी त्यातला थोडाच भाग गवताला मिळतो. बाकीचा पुढच्या वर्षांत. त्यामुळे एका वर्षात चमत्कार होत नाही आणि लोक म्हणतात, शेणखताचा गुण नाही. गुण असतो, पण तो मातीत मुरतो, पाणी धरून ठेवतो. आमच्यासारख्या कमी पावसाच्या मुलखात नत्रापेक्षाही ती पाणी धरण्याची गोष्ट मोठी आहे. दोन पावसांच्या मधल्या खंडात गवत आणखी आठवडाभर हिरवं राहिलं तर त्याची किंमत गोणीत मोजता येत नाही.

पण कच्चं शेण गायरानात नको. गाय आपल्या शेणाच्या आसपासचं गवत कित्येक दिवस तोंडात घेत नाही, जंतांचा धोका असतो आणि मुळं खाणारी हुमणी अळी येते. शेळ्यांनी वेड्या बाभळीच्या शेंगा खाल्ल्या की त्यांच्या लेंडीतून बी सहीसलामत बाहेर पडतं आणि उगवतं. आमच्या माळावर वेडी बाभूळ इतकी पसरली त्याला हेही एक कारण आहे. म्हणून शेळ्यांचं खत खड्ड्यात नीट कुजवूनच टाकावं. कोंबडीखत टाकावं असं एकाने सुचवलं, तेही मेंढ्यांच्या रानात नको. त्यात तांबं असतं, आणि मेंढीला तांबं फार लवकर बाधतं. मेलेल्या कोंबड्यांचे अवशेष त्यात असले तर विषबाधेची भीती वेगळीच.

मग करावं काय? माझं म्हणणं सरळ आहे. जे बागायतदार पैसे देऊन करतो ते पंचायतीने करावं. युरियासाठी जे पैसे बाजूला काढणार आहात त्यातून गावच्या आणि फिरत्या मेंढपाळांना चैत्र-वैशाखात गायरानात मेंढ्या बसवायचा मोबदला द्या. गायरानाचे भाग पाडा. एका भागात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण लावायचं, एक-दोन रात्री कळप बसवायचा, मग वाघर पुढे सरकवायची. लेंडीबरोबर मूतही तिथेच मुरतं. नत्राचा मोठा भाग मुतातूनच पडतो, आणि ट्रॉलीतून विकत आणलेल्या लेंडीत तो कधीच येत नाही. वाहतुकीचा खर्च नाही, पसरायची मजुरी नाही. मेंढ्यांच्या खुरांनी वरची कडक पापडी फुटते, पडलेलं बी मातीत दबतं. मृगाआधी सगळे भाग एकदा बसून झाले की कळप बाहेर. मेंढपाळांना त्या दिवसांत पाण्याची सोय हवी असते. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी ज्या गावांत आलंय तिथे मेंढ्यांच्या तळावर जनावरांची टाकी भरून द्या, आनंदाने येतील. माझे भाऊ तर लगेच येतील. चैत्रात त्यांना हिरवं रान नसतं, ते बसायला जागाच शोधत असतात.

दुसरी गोष्ट, जी ग्रामसभेत कुणी उच्चारलीच नाही. पाऊस पडल्यापासून गवताने बी टाकेपर्यंत अर्धं गायरान बंद ठेवा. पुढच्या वर्षी दुसरं अर्धं. कोंब जमिनीबाहेर डोकावला की जनावर खुडतं, अशा गवताला मुळं धरायला फुरसत मिळत नाही. त्याला कसलंही खत दिलं तरी ते घेणार कुठून? बंद भागात हस्ताच्या आसपास बी पडू द्या, मग चराई किंवा कापणी. याच बंद भागात, मेंढ्या बसवून झाल्यावर, एकरी ५० किलो सुपर फॉस्फेट आणि स्टायलोचं बी टाका. बियाण्यासाठी राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे, झाशीच्या गवत आणि चारा संशोधन संस्थेच्या धारवाड केंद्राकडे विचारा. धारवाड आम्हाला पुण्याहून जवळ.

आणि युरिया? बंद भागातच, गवत वीतभर झाल्यावर, झडीचा पाऊस लागलेला असताना, एकरी अर्ध्या गोणीहून कमी. हाताने, पाटीतून, ढीग न पाडता. पाऊस उघडला तर त्या वर्षी टाकूच नये. त्या भागात तीन-चार आठवडे जनावर नको आणि मधे पावसाने ताण दिला तर आणखी थांबायचं. एवढं पाळायची गावाची तयारी असेल तरच. नसेल तर युरियाची गोणी गायरानाच्या वाटेलाही नेऊ नका, लेंडी आणि सुपर फॉस्फेटवर भागवा. माझं स्वतःचं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं युरिया नकोच. आधी गायरानात गवताची मुळं धरू द्यात.

मातीचं एक राहिलं. २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिका आल्या, घरोघर शेतकऱ्यांकडे आहेत. आमच्या गायरानाची माती कुणी तपासल्याचं मात्र मला माहीत नाही. पाच-सहा ठिकाणची माती खणून एकत्र करून प्रयोगशाळेत द्यायला कितीसे कष्ट पडतात? वर मी लिहिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. आमच्या मातीचे आकडे हातात आले तर खताचा एक-एक किलो विचार करून टाकता येईल. हे काम मी अंगावर घ्यायला तयार आहे, तसा ठराव मांडणार आहे.

तुमच्या वाचकांत माणमधले, खटावमधले, आटपाडीतले पशुपालक आहेत. कुठल्या गावाने गायरानात मेंढ्या बसवून पाहिलं असेल, तर त्यांनी याच सदरात लिहावं. किती दिवस बसवल्या, मेंढपाळाला काय दिलं, दुसऱ्या वर्षी गवत कसं आलं, एवढं कळलं तरी आमच्या ग्रामसभेत दाखवता येईल. मृग जवळ आलाय, तेव्हा कृपया पत्र लवकर छापावं ही विनंती.

आपली,
एक पशुपालक व ग्रामपंचायत सदस्य,
ता. जत, जि. सांगली